चहा टाक, म्हणालो होतो

लेकीने जपानहून चहा पाठवला, इथपर्यंत सगळं ठीक होतं. तो प्यायचाही असतो, हे माझ्या मनात आलं आणि तिथून बिघडायला सुरुवात झाली.

खरं तर तो नुसता ठेवून देता आला असता. परदेशातून आलेली वस्तू काचेच्या कपाटात मांडायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, हा सरळमार्गी माणसांचा शिरस्ता आहे. पण लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी रोज हाच चहा पिते. खूप छान लागतो. तुम्ही करून बघा आणि मला सांगा, तुम्हाला कसा लागतो ते." आता ही मुलगी कोण? तर घट्ट दुधाचा आणि भरपूर साखरेचा चहा दोनदा पोटात गेल्याशिवाय जिला सकाळ झाल्याचं मान्य नसायचं, ती. ती म्हणते, बिनदुधाचं, बिनसाखरेचं हिरवं पाणी छान लागतं! आमच्या घरात एवढी मोठी बातमी बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

त्याच फोनवर दुसरीही एक बातमी होती, पण ती तिने घाईघाईत सांगितली. भूकंपात इमारती पडू नयेत म्हणून काय करतात, ते शिकायला ती तिकडे गेली आहे. शिक्षण संपत आलंय आणि तिथले लोक आणखी एक वर्ष राहा म्हणतायत. "पुढच्या सोमवारी त्यांना कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं, बाबा?" मला काय वाटतं? मला वाटत होतं, पहिल्या विमानाने निघ. पण मी तोंड उघडेपर्यंत ती पुन्हा चहावर घसरली, आणि मीही विचार केला की आधी बघू तरी त्या कपात काय आहे. जिला ते पाणी गोड लागायला लागलंय, ती तिकडे किती रुजली आहे ते त्या पाण्यावरूनच कळेल. ते चाखायचं आणि मग बोलायचं, असं मी ठरवलं.

पार्सल घरी आलंच नाही. पार्सल अडकल्याची चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'वनस्पतीजन्य पदार्थ. खात्री करून घेऊन जावे.' खात्री कोणी करायची, याचा त्या वाक्यात पत्ता नव्हता. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. कर्ता हरवलेलं वाक्य दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. चिठ्ठी दुरुस्त करूनच मी पार्सल कचेरीत घेऊन गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही लाल शाई कोणाची?"

"माझी. वाक्यात कर्ता नव्हता."

"कर्ता आम्ही आहोत," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला रांगेच्या शेवटी पाठवलं.

पुन्हा नंबर लागला तेव्हा त्यांनी पाकीट कात्रीने कापून चिमूटभर पानं तळहातावर घेतली. "काय आहे हे?"

"चहा."

"हिरवा दिसतोय."

"हिरवाच असतो."

"चहा काळा असतो. हिरवा असेल तर तो पाला. पाल्याची खिडकी पलीकडे."

पाल्याच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, याला मूळ आहे का, बी आहे का, पेरलं तर उगवेल का? मी म्हटलं, नाही हो, पानं वाफवून वाळवलेली आहेत. 'वाफवून' हा शब्द मी उगाच वापरला. वाफवलं म्हणजे शिजवलं, आणि शिजवलेल्या वस्तूंशी आमचा संबंध नाही, असं सांगून बाईंनी मला पहिल्या खिडकीवर परत पाठवलं. दोन खिडक्यांमध्ये मी किती फेऱ्या मारल्या ते सांगत नाही, पण शेवटी तिथला पहारेकरी मला पाहून स्टुलावरून उठायला लागला. त्याला मी कर्मचारी वाटलो असेन.

मग साहेबांनीच तोडगा काढला. चहा आहे ना? मग चहासारखा लागला पाहिजे. कचेरीतल्या स्टोव्हवर दूध, पाणी आणि साखर उकळतच होती. साहेबांनी त्यात माझ्या पाकिटातली चांगली मूठभर पानं सोडली, झाकण ठेवलं, आणि दोन्ही खिडक्यांनी मिळून तो सगळा चहा पिऊन टाकला. मला कोणी विचारलं नाही. "बरा आहे," साहेब म्हणाले, "पण उतरलाय." पावतीवर त्यांनी लिहिलं, 'चहा, जुना, हिरवा पडलेला.' पेन माझ्या खिशात होतं. मी हात खिशाबाहेर ठेवला आणि पाकीट घेऊन घरी आलो.

घरी येऊन आधी वास घेतला. ओल्या गवतासारखा काहीतरी, त्याच्या मागे समुद्रकाठच्या खडकांना येतो तसा खारट, आणि त्याच्याही मागे कुठेतरी भाजल्यासारखा. एका पाकिटात तीन वास! मी नाक काढतच नव्हतो.

"हुंगताय काय? करून प्या," बायको म्हणाली आणि मी चष्मा पुसेपर्यंत तिने पाणी चढवलंही. साखर, पानं, खळखळून उकळी, वरून दूध. तिचा हात सवयीने चालतो, मध्ये कोणी बोललेलं त्याला ऐकू येत नाही. कपात जे आलं त्याचा रंग मी ओळखला. आमच्या जिन्याच्या भिंतींना मागे तोच रंग दिला होता आणि सगळ्यांनी तक्रार केली म्हणून परत बदलून घेतला होता.

माझा मेहुणा सध्या आमच्याकडेच असतो. एक नोकरी सुटली आहे, दुसरी लागायची आहे, आणि मधल्या काळात तो आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांची सेवा करतो. माणूस गुणी, फक्त सांगितलेलं शब्दशः करतो. त्याने सगळा कप संपवला. "वाईट नाही, दाजी. फक्त कशासारखं लागतं ते सांगता येत नाही."

बायकोने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे पिते पोरगी तिकडे? रोज? वाळून गेली असेल हो ती." 

पाकिटाच्या मागे कृती होती, पण जपानीत. चित्रं मात्र स्पष्ट होती. एका चित्रात किटली, तिच्याशेजारी तापमापक आणि सत्तरचा आकडा. दुसऱ्यात घड्याळ आणि एक मिनिट. तिसऱ्यात कपावर लोंबकळणारा एकच थेंब. हा थेंब काय सांगतो यावर आमच्याकडे संध्याकाळभर वाद झाला. मेहुण्याच्या मते एक थेंबच प्यायचा, कारण चहा जहाल आहे. बायकोच्या मते किटली गळकी आहे. माझं मत असं पडलं की शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचा, आत पाणी ठेवायचं नाही. पण माझा मुद्दा सत्तरचा होता. आमच्या घरात पाणी एकतर गार असतं, नाहीतर उकळतं. सत्तर अंशांचं पाणी कसं दिसतं, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं, याचं मला फारच नवल वाटलं.

वरच्या मजल्यावर हवामानकाका राहतात. हवामान खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. जिन्यात भेटले तरी ते "आज दुपारनंतर पाणी जाण्याची शक्यता आहे" असं बोलतात. त्यांच्याकडे लाकडी पेटीत ठेवलेला एक तापमापक होता. निरोप समारंभात मिळालेला. तो त्यांनी मोठ्या मनाने दिला. "वापरा. पण जपून. भावना गुंतलेल्या आहेत."

मी जपूनच वापरला. पाणी उकळवलं, गॅस बंद केला आणि तापमापक आत सोडला. लाल रेघ भराभर चढली, वर टोकाला पोचली आणि मग 'टिच्' असा अगदी सभ्य आवाज झाला. नंतर चष्मा लावून पाहिलं तेव्हा कळलं की आकडे पन्नासपर्यंतच होते. तो हवेचा तापमापक होता आणि हवेला सत्तर अंश कशाला लागतील? आत लाल पाणी, काचा आणि मी उत्साहाच्या भरात आधीच घालून ठेवलेली पानं. ते सगळं ओतून द्यावं लागलं. रिकामी पेटी घेऊन मी वर गेलो. काकांनी ती उघडली, बंद केली आणि म्हणाले, "याचा अंदाज मला यायला हवा होता." मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींना मात्र या विषयातलं सगळं माहीत होतं. वजन कमी करण्यासाठी त्या हिरवा चहा पितात आणि त्यामुळे या जातीच्या सर्व चहांवर त्यांचा हक्क आहे. "लिंबू पिळायचं, डोळे मिटायचे आणि एका दमात घ्यायचा," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "चव कशी लागते?" "चव?" त्या इतक्या आश्चर्याने म्हणाल्या की मी विषय सोडून दिला. पण पाकिटाकडे त्यांची नजर अशी काही लागली होती की मी एका छोट्या डबीत थोडी पानं काढून त्यांना दिली. मनाचा मोठेपणा दाखवायची संधी मला क्वचितच मिळते.

उरलेली पानं मी एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरली, कारण कचेरीने कापलेलं पाकीट आता बंद होत नव्हतं. डबा ओट्यावर ठेवला. शनिवारी संध्याकाळी लेक फोन करणार होती आणि फोनवर बोलता बोलता चहा प्यायचा, असं आमचं ठरलं होतं.

शनिवारी छापखान्यात नेमकं काम निघालं. पाचवीचं व्याकरण छपाईला जायचं होतं आणि आज्ञार्थाच्या धड्यात कोणीतरी 'तू बसा' असं सोडलं होतं. ते निस्तरेपर्यंत उशीर झाला. बस मिळाली, पण फोनची वेळ जवळ आली होती. पाणी निववायला वेळ लागतो, तेव्हा घरच्या माणसाने आधीच तयारीला लागलेलं बरं, असा दूरदर्शी विचार करून मी बसमधूनच मेहुण्याला फोन लावला. बसमध्ये गोंगाट होता, म्हणून मोजकं बोललो.

"मी पोचतोच आहे. ओट्यावर डब्यात तो हिरवा चहा आहे ना? तो टाक."

"टाकू?"

"टाक."

"सगळा?"

मला वाटलं, घरी चार माणसं नाहीत, पण उत्साह आहे बिचाऱ्याला. "सगळा नको रे," असं मी म्हणालो, पण तेवढ्यात बस भोंगा वाजवत वळली आणि त्याच्यापर्यंत 'सगळा' एवढंच पोचलं.

घरात शिरलो तर ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलेला. पाणी कुठेही चढवलेलं नाही. मेहुणा बाल्कनीतून हातांची माती झाडत आला. "झालं, दाजी. कुंड्यांत घातला. वरून माती ओढली आणि पाणी दिलं. चहाची पानं झाडांना फार मानवतात."

"मी चहा टाक म्हणालो होतो!"

"तोच टाकला की."

"अरे, टाक म्हणजे करायला टाक! पाण्यात टाक!"

"पाण्यात असं तुम्ही म्हणाला नाहीत," मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा अगदी निरागस होता. "मला वाटलं, शेवटी कंटाळलात. ताई पण म्हणत होतीच, हे एकदाचं घरातून जाऊ दे."

मी बायकोकडे पाहिलं. ती भावाच्या बाजूने उभी राहिली. "टाक म्हणालात ना? मग टाकला त्याने."

"अगं, रोज सकाळी तू मला विचारतेस, 'चहा टाकू का?' मी कधी विचारलं का, कुठे टाकतेस म्हणून?"

"माझं वेगळं. मी करते ना तो."

आपल्या भाषेत माणसं पत्र पोस्टात टाकतात, पोराला शाळेत टाकतात, गादी टाकतात, पाऊल टाकतात, उसासाही टाकतात. यांतली एकही गोष्ट कोणी कुंडीत नेऊन पुरत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात घालवली, आणि माझं स्वतःचं वाक्य, तेही दोन शब्दांचं, आज्ञार्थी, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं, माझ्याच घरात मातीत गेलं. मी बाल्कनीत जाऊन बघितलं. कुंड्या ओल्या होत्या आणि कुठेतरी खालून तो समुद्रासारखा वास येत होता. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "प्यायलात, बाबा?"

"उद्या सकाळी. नक्की. आज जरा... तयारी चालली आहे."

"नाही जमलं तर राहू दे हो. एवढं काही नाही त्यात."

आता 'खूप छान लागतो' म्हणणारी मुलगी एका आठवड्यात 'एवढं काही नाही' म्हणते, हे कुठल्याही मुद्रितशोधकाच्या नजरेत भरायला हवं होतं. माझ्या नाही भरलं. मी कुंड्यांचा विचार करत होतो. सोमवार परवावर आला होता. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तिला सांगून टाका ना, परत ये म्हणून. चहा बिहा कशाला मध्ये?" मी म्हटलं, "उद्या सांगतो. एकदा चाखू दे."

आता पानं उरली होती ती जगात एकाच ठिकाणी. दिलेली वस्तू परत मागायला जिना उतरणं किती लांबलचक असतं, ते जो उतरला असेल त्यालाच कळेल. वहिनींनी दार उघडलं आणि माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. "फरक जाणवला ना तुम्हालाही?" माझ्या पोटाकडे बघून त्या म्हणाल्या. मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर भाषेच्या तपशिलात शिरावं लागलं असतं. त्यांनी डबी आणून दिली. थोडी पानं उरली होती, जेमतेम एका किटलीपुरती. त्याबरोबर एक लिंबूही दिलं, आणि उद्यापासून त्यांच्या यजमानांबरोबर सकाळी चालायला जायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातून सगळ्यांना बाहेर काढलं. मेहुण्याला बाल्कनीतसुद्धा ठेवलं नाही, बाजारात पाठवला. पाणी उकळलं. आता सत्तर कसे ओळखायचे, या विचारात मी भांड्यात बोट घालावं की काय अशा बेतात असताना दारात खोकला ऐकू आला. हवामानकाका होते. तापमापकाचा विषय ते काढणार, अशी मी मनाची तयारी केली. पण सत्तर अंशांचं कोडं सोडवल्याशिवाय काकांना राहवलं नव्हतं, एवढंच होतं ते.

"उकळत्या पाण्याचे शंभर धरा," ते म्हणाले. "एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की साधारण दहा उतरतात. तिसऱ्यात ओता, आणखी दहा. चौथ्यात, आणखी दहा. साधारण म्हणतोय. आमचं खातं सगळं साधारणवरच चालायचं."

इतकं सोपं होतं. मी ओट्यावर कप मांडले आणि पाणी एकातून दुसऱ्यात ओतत गेलो. काका बाजूला उभं राहून "नव्वद... ऐंशी... सत्तर, शक्यता आहे" असं म्हणत होते. मग किटलीत पानं, त्यावर ते निवलेलं पाणी, आणि एक मिनिट. मी झाकण काढून बघत होतो. वळलेली पानं हळूहळू उलगडत होती, काही तर अख्खी, देठासकट. शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. काकांना अर्धा कप दिला, तो घेऊन ते अंदाज न वर्तवता वर गेले.

मी घोट घेतला. आधी काहीच लागलं नाही. मग मटाराच्या कोवळ्या शेंगा सोलताना येतो तसा हिरवा वास नाकात चढला. मग कडवट लागलं, पण ते तिथे मुक्काम करून राहिलं नाही. ते गेलं आणि गेल्या जागी काहीतरी गोड उरलं, साखरेचं नव्हे, नुसतंच गोड. त्याच पानांवर मी दुसऱ्यांदा पाणी ओतलं, तर ते पहिल्यापेक्षा गोड. मी खुर्चीत बसलो. मला कळलं. पोरगी का रमली, ते मला कळलं. आणि जे कळलं ते मला अजिबात आवडलं नाही, कारण चहा खरोखरच छान होता.

फोन वाजला. आज चेहरा दिसणारा फोन होता. लेक तिच्या खोलीत टेबलाशी बसली होती. मी बनियनवर होतो, पण घरचंच माणूस म्हणून तसाच बसलो.

"बाबा, प्यायलात? खरं सांगा, कसा लागला?"

"अगं, काय सांगू! आधी हिरवा वास, मग कडू, आणि मग ते कडू जातं आणि गोड..."

"गोड?" ती म्हणाली.

"गोडच की. तुला नाही लागत?"

तिने मान खाली घातली. पडद्यावर नुसता तिचा भांग दिसत होता. मग म्हणाली, "मला कडूच लागतो, बाबा. पहिल्या दिवसापासून. तोंड वाकडं होतं. इथे सगळे पितात, सगळे छान म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मला वाटलं, माझ्याच जिभेचं काहीतरी चुकतंय. तुम्हाला सगळ्यात काहीतरी सापडतं ना, म्हणून तुम्हाला पाठवला. म्हटलं, यात छान काय आहे ते तुम्ही तरी सांगाल."

"तू करतेस कसा?"

"कसा म्हणजे? पाणी उकळते आणि ओतते. खळखळतं."

आईचाच हात! मी उडालो. "अगं, सत्तर! सत्तर अंश! उकळतं ओतलंस तर भाजून निघतात पानं. शेजारीपाजारी कोणाला विचारायचं नाहीस?"

"असं कसं विचारणार? एवढी साधी गोष्ट. हसतील." मग ती हळूच म्हणाली, "विचारण्याइतकी ओळख कुठे आहे, बाबा?"

मला एकदम सगळं दिसलं. 'मस्त चाललंय' असे ते सगळे फोन, आणि त्या फोनांनंतर ही पोर एकटी बसून कडू पाणी शेवटपर्यंत संपवत होती. आता म्हणायचं होतं, परत ये. वाक्य तयार होतं, त्यात एकही चूक नव्हती. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला आधी तिच्या हातात एक चांगला कप द्यायचा होता.

"हे बघ, सोपं आहे," मी म्हटलं. "तीन कप घे."

"माझ्याकडे एकच मग आहे."

"वाटी असेल."

"नाही. मग आहे आणि दात घासायचा पेला आहे."

बायको केव्हाची माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"शेजारच्या खोलीत कोण राहतं?" मी विचारलं.

"आहे एक मुलगी. येता-जाता मान हलवतो आम्ही."

"तिच्याकडून दोन कप घेऊन ये."

"बाबा, काहीतरीच काय!"

"कप मागायला कसली ओळख लागते? मी काल लोकांना दिलेला चहा परत मागून आणलाय. जा. आम्ही थांबतो."

ती उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली, मागे एक खिडकी आणि दांडीवर वाळत घातलेला टॉवेल. बायकोने स्टूल ओढून घेतलं आणि आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघत बसलो. लांबून दारावर टकटक ऐकू आली. मग बोलणं, अडखळत. मग शांतता. "नाही म्हणाली वाटतं," बायको म्हणाली. मग एकदम हसण्याचा आवाज आला. दोन माणसांच्या हसण्याचा.

ती परत आली तेव्हा एकटी नव्हती. मागे चष्मा लावलेली एक मुलगी होती, हातात ट्रेमध्ये कप आणि एक छोटी किटली. तिने मला पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मी बनियनवर! मीही घाईघाईने वाकलो, तर कपाळ टेबलावर आपटलं आणि चष्मा माझ्याच चहात पडला. तिकडे दोघी इतक्या हसल्या की फोन हलायला लागला.

"ती विचारतेय, तुझे बाबा चहाचे व्यापारी आहेत का?" लेक म्हणाली.

"सांग तिला, मुद्रितशोधक आहेत."

या शब्दाचं जपानीत काय झालं कोण जाणे, पण त्या मुलीने पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा खाली वाकून नमस्कार केला. मग मी इकडून 'नव्वद, ऐंशी, सत्तर' म्हणत होतो आणि तिकडे लेक ओतत होती. शेजारीण काहीतरी समजावत मध्येच तिचं मनगट धरून किटली तिरकी करून देत होती. लेकीने कप दोन्ही हातांत घेतला. घोट घेतला.

"बाबा," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "अहो, गोड आहे हा."

"सांगत होतो ना?"

"उद्या त्यांना काय सांगू मी?"

शेजारीण तिच्या बाजूला ठाण मांडून बसली होती आणि स्वतःच्या कपावर फुंकर घालत होती. उठायच्या बेतात दिसत नव्हती. मला रडायला आलं आणि रागही आला, दोन्ही कशावर ते कळेना. 'परत ये' माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं. मला ते सोपं गेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

"दुसऱ्या पाण्याचा आणखी चांगला लागतो," मी म्हटलं. "तिला थांबवून घे. पिऊन झालं की मग ठरव."

तिने मान डोलावली, शेजारणीकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि दोघी किटलीवर वाकल्या. फोन घसरून टेबलावर उताणा पडला. आम्ही आहोत हे त्या विसरूनच गेल्या. पडद्यावर आता छत दिसत होतं, एक दिवा आणि मधूनच कोणाचा तरी हात. बोलणं चाललं होतं, लेकीचं अडखळत, त्या मुलीचं भराभर, आणि मध्ये मध्ये हसणं.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"कळत नाही."

"राहणार ती?"

"राहील असं वाटतंय."

बायकोने पदराने डोळे पुसले. "मग ठेवा ना फोन. त्यांचं काय ऐकताय?"

"ठेवतो," मी म्हणालो.

ती स्टूल आणखी जवळ घेऊन बसली, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.